काळ्या कॅसेटवरची मतं

त्यांच्याकडून कॅसेट न्यायची तर आधी तोंड दाखवावं लागे. बोलताना आपण जरा इकडेतिकडे बघितलं की ते पुढे वाकून दोन बोटांनी आपली हनुवटी धरत आणि चेहरा स्वतःकडे वळवून घेत. "हं. आता बोल." बाईमाणूस असेल तर हात लावत नसत, फळीवर चमचा वाजवत. तो चमचा त्यासाठीच ठेवलेला होता.

सगळी चाळ त्यांना मामा म्हणायची. कुणाचे सख्खे मामा ते कधी कळलं नाही. काळाचौकीला आमच्या चाळीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, त्यांनी गिरण्यांच्या संपानंतर कॅसेटची लायब्ररी काढली. शेजारी पिठाची चक्की होती. आमच्या भागात तेवढी एकच गिरणी चालू राहिली, असं माझे वडील म्हणायचे आणि स्वतःच हसायचे नाहीत.

लायब्ररी काढली यात नवल नव्हतं. संपानंतर लोकांनी काय काय काढलं. कुणी भाजीची गाडी, कुणी रद्दी, कुणी घरात शिकवण्या. नवल हे की मामांना ऐकू येत नव्हतं. उभी उमेद साचेखात्यात गेलेली. साचा म्हणजे कापड विणायचा माग, आणि असे शेकडो माग एका छपराखाली खडखडत असतात. तिथं कान शिल्लक राहत नाहीत. मामांना मोठ्यानं हाक मारली तर कळे, कुणीतरी हाक मारली; कुणी ते कळत नसे. अशा माणसानं गाण्यांच्या कॅसेटी भाड्यानं द्यायच्या म्हणजे काय, यावर आमच्या गॅलरीत पुष्कळ दिवस करमणूक झाली.

पण लायब्ररी चालली. कारण मामा गाणं ऐकत नसत, ऐकणाऱ्यांना विचारत. कॅसेट परत करताना प्रश्न ठरलेला : "काय ऐकू आलं?" 'छान आहे' म्हटलं की कॅसेट आपल्याच हातात परत. "छान ऐकू येत नसतं. जा, परत ऐक." मग माणूस दुसऱ्या दिवशी विचार करून येई. बाईचा आवाज शेवटाला दमलाय. पेटीवाला घाईत हाय. मागं कुणीतरी खोकलंय. मामा ओठांवर नजर रोखून सगळं वाचून घेत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच सांगत. "ही ने. ही ऐकून तांबटाची बायको रडली. ही नको, ही लावली की टॅक्सीवाला झोपतो." त्यांचा अंदाज चुकत नसे. चुकला तर ते गिऱ्हाइकाला चूक म्हणत.

मी बी.ए. आहे. हे मी मिरवायलाच सांगते. आमच्या सगळ्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि फोर्टात कचेरीत खुर्चीवर बसून पगार घेणारीही पहिली मीच. मामांना माझं फार कौतुक होतं असं नाही. त्यांना माझा उपयोग होता. इंग्रजी कॅसेटीच्या आतला कागद मी वाचून दाखवायचा आणि माझं भाडं माफ. "शिकलीस ना? मग वाच." वाचून झालं की विचारत, "समजलं?" मी "थोडं थोडं" म्हणाले की खूश होत. सगळं समजलं म्हणणाऱ्यांचा त्यांना संशय येई.

दुकानात एक मोठा टेपरेकॉर्डर होता, लाकडी पेटीचे दोन स्पीकर लावलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मामा एका पेटीवर हनुवटी टेकून, डोळे मिटून बसत. टेप कधी चालू असे, कधी बंद. विचारलं तर म्हणत, "दाढंतून ऐकतो." बंद असतानाही का बसता म्हणून एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "साचे बंद झाले तवापासून कानात शिट्टी वाजती. पेटीला हनुवटी लावली की वाटतं, ती पेटीतनं येतीया. माझी न्हाय."

ओठांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साचेखात्यात आवाज इतका की तिथं कुणी बोलत नाही. ओठ हलवतात आणि समोरचा वाचतो. वर्षानुवर्षं असं केलं की माणसाला सवय लागते. माझे वडील आणि मामा दोन समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून, मध्ये अख्खं अंगण असताना, तासन् तास गप्पा मारायचे आणि चकार शब्द ऐकू यायचा नाही. मधेच दोघं एकदम हसायचे. आम्हा मुलांना त्यात विचित्र काही वाटत नसे. मला वाटायचं सगळेच वडील असे असतात. कॉलेजातल्या मैत्रिणीला घरी आणलं तेव्हा ती दारातच थबकली. म्हणाली, "अगं, हे सगळे बोलतायत की प्रार्थना करतायत?"

संपाच्या दिवसांत नाक्यावर माणसांचे घोळके उभे असत, पाच-पन्नास माणसं, सगळ्यांचे ओठ हलतायत आणि रस्ता चिडीचूप. नवीन आलेले पोलीस दंडुका घट्ट धरत.

मामांच्या शेजारच्या साच्यावर त्यांचा जोडीदार होता, मालवणकडचा. त्याची बायको सुलूकाकी, आमच्या शेजारची. संप लांबला, बरेच जण गावी गेले, काही चोरून कामावर गेले. जोडीदारालाही कामावर जायचं होतं. मामांनी त्याला जाऊ दिलं नाही. रोज सकाळी उठून त्याच्या दारात बसत, म्हणजे तो बाहेरच पडू नये. हे साऱ्या चाळीनं पाहिलंय. आणि मग एका सकाळी मामा नाक्यावर असताना तो घरातून निघाला तो परत आला नाही. गावी गेला नव्हता. इस्पितळात नव्हता. त्याच्याबरोबरच्या कुणाला तो त्यानंतर भेटल्याचं ऐकलं नाही.

सुलूकाकीनं घरातच खानावळ सुरू केली. तिच्या हातचं माशाचं सार खायला हिंदमातापासून दुकानांतली पोरं येत. रोजचं शेवटचं ताट ती नवऱ्याचं वाढायची, झाकून ठेवायची आणि सकाळी गाईला घालायची. मामा तिला वहिनी म्हणत. संपाआधी तिच्या घरी त्यांचं जेवणखाण असे. नवरा गेला त्या दिवसानंतर मामा तिच्या दाराशी गेले नाहीत. तिच्यासमोर ते तोंडावर रुमाल धरून बोलत. धुळीचा त्रास, म्हणायचे. चक्की शेजारीच होती, तेव्हा कुणाला वेगळं वाटलं नाही.

ती काळी कॅसेट आली ती मामांच्या बोटीवरच्या भाच्याबरोबर. कुठल्याशा थंड देशातल्या बँडची. कव्हर नुसतं काळं, त्यावर ना फोटो ना वेलबुट्टी. भाचा म्हणाला, ह्याला इंडस्ट्रियल मेटल म्हणतात. मामांनी चमचा वाजवून मला बोलावलं. "म्हणजे काय गं?"

"इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्याचं. मेटल म्हणजे धातू."

"मग गिरणीचंच की," मामा म्हणाले आणि त्यांनी ती लावली.

मी दोन्ही कानांवर हात ठेवले. घण, साखळ्या, पत्रा फाटल्यासारखं काहीतरी, आणि त्या सगळ्याखाली एकसारखा ठोका. चक्कीवाला बाहेर येऊन आपला पट्टा तुटला का बघू लागला. मामांनी पेटीवर हनुवटी टेकली होती. त्यांचे डोळे उघडे होते. मला त्यांचा चेहरा आवडला नाही. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर अनोळखी माणूस बसल्यासारखा तो दिसत होता. टेप संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "ऐकू आलं."

त्या दिवसापासून मामांना दुसरी कॅसेट सुचेना. कुणीही काहीही मागायला आलं की, "ते देतो. आधी हे ऐकून मत सांगायचं." दोन स्टुलं समोरासमोर ठेवलेली, मध्ये हातभर अंतर. एकावर ते, एकावर आपण. आणि हे सगळं भर दुपारी, रस्त्यावर केळेवाला ओरडतोय, नळावर बायका भांडतायत, अशा वेळी.

मतं काय काय आली. भजनाच्या बुवांनी मांडीवर हात मारत सम शोधली, ती सापडली नाही, तेव्हा म्हणाले, "ह्यांचा गुरू मेला असणार." शाळेतले गुरुजी म्हणाले, हे संगीतच नव्हे, याच्यावर मत मागणं हाच अपमान आहे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकायला आले. मंडळाच्या पोरांचं मत पडलं की विसर्जनाला हीच लावायची, नाचायला जाम आहे. माझ्या आईनं सांगितलं, "बाळंतिणीला ऐकवू नका." पोस्टमन घामाघूम होऊन उठला आणि म्हणाला, "मामा, माझं काय चुकलं?"

वरळी कोळीवाड्याहून मासळी घेऊन येणारी कोळीण दुकानात शिरलीच नाही. पायरीवर पाठमोरी उभी राहिली, डोक्यावरची पाटीही उतरवली नाही. म्हणाली, "आमची इंजिनाची होरी बंद परते ना भर दर्यात, त्याच्या आधी अशीच वरडते." मग जराशानं म्हणाली, "कोणतरी चाललंय ह्यात. घरी सांगून नाय चाललं." आणि तशीच चालू लागली, मासळी न विकता. मामा स्टुलावरून उठून तिच्या मागं दारापर्यंत गेले होते.

मत ऐकून घेताना मामा आता शब्दांकडे फार लक्ष देत नसत. ते माझ्याच ध्यानात आलं, कारण कचेरीला सुट्टी असली की मी तिथं बसायची. त्यांचं लक्ष टेप चालू असताना असे. दुसऱ्या बाजूला एक जागा होती. सगळे घण एकदम थांबायचे, नुसता तो खालचा ठोका उरायचा, आणि कुणीतरी पुरुष पुटपुटल्यासारखं काहीतरी. कागदावर त्या जागी शब्द छापलेले नव्हते. तिथं आलं की मामा पुढं झुकत आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत.

माझी पाळी आली तेव्हा मी ठरवून बसले. दात दाबून. ती जागा आली, गेली. टेप थांबली.

"काय ऐकू आलं?"

"डोकं दुखतंय."

मामा मान हलवत म्हणाले, "तू बी बोललीस."

"मी तोंड उघडलं नाही, मामा."

"बोललीस. ठोका लागला की सगळी बोलत्यात. बुवा बोलले, गुरुजी बोलले, तुझी आई बोलली. सगळी तेच बोलत्यात."

"काय तेच?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. म्हणाले, "ते तुला काय करायचंय." घरी आले तर माझे ओठ दुखत होते, वर्गात तासभर मोठ्यानं वाचल्यावर दुखतात तसे.

वडिलांना विचारलं. त्यांनीही ऐकली होती. ते म्हणाले, "ओठ हलणारच गं. त्या आवाजात कुणी समोर बसलं की आपोआप हलतात. आमची मेली सवय."

"पण काय बोललात?"

वडिलांनी चष्मा पुसला. "काय ते नाही माहीत. कुणाशी बोलत होतो ते पण नाही माहीत. पण मी काहीतरी निरोप देत होतो, एवढं वाटलं."

मी पुढे मनाशी एक उलगडा केला. आई पोराला भरवताना स्वतःचंही तोंड उघडते, तसं समोरच्याचं बघून माणसाचं तोंड आपोआप हलतं. शिकल्याचा एवढा तरी फायदा हवा. माझा उलगडा सगळ्यांना लागू पडतो. फक्त पाठमोऱ्या कोळणीला लागू पडत नाही, आणि तो तिढा मी अजून तसाच ठेवलाय. ती कॅसेट आज माझ्या कपाटात आहे. मामा गावी जाताना देऊन गेले. लायब्ररीच्या जागी आता मोबाइल दुरुस्त करतात. मी ती ऐकत नाही. घरात टेपरेकॉर्डर नाही, असं लोकांना सांगते.

चाळ ती कॅसेट ऐकत होती त्याच सुमारास पितृपक्ष आला आणि सुलूकाकीचा दीर गावाहून आला. बाबल त्याचं नाव. आमच्यात असं मानतात की माणूस परागंदा झाला तर बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा पुतळा करायचा, त्याला तो माणूस समजून अग्नी द्यायचा, आणि बायकोनं बांगड्या उतरवायच्या. बारा वर्षं भरली होती. बाबलनं भटजी ठरवले होते, सर्वपित्री अमावास्या ठरवली होती, बाणगंगेवर जायचं ठरवलं होतं. खोली अजून नवऱ्याच्या नावावर होती, ती बाबलच्या मुलाच्या नावावर व्हायची, तेही ठरवलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. गॅलरीत उकिडवा बसून हळू आवाजात म्हणायचा, "वैनी, आता पुरे झाला. तुमी किती वर्सां वाट बघतलात? त्याच्या आत्म्याक तरी सुटू दे."

काकी तांदूळ निवडत राही. माझ्या आईजवळ एकदाच म्हणाली, "गेलो म्हणान सांगूक कोण आयला असता तर मी आजच हातातले काढून दिले असते. मेलो म्हणान कोण सांगता? कोणीच नाय. मग मी कोणाचा नाव घेऊन रडू?" तिचं दुखणं एवढंच होतं. तिला विधवा व्हायचं होतं की टाकलेली, ते सांगणारं कुणी नव्हतं, आणि त्याआधी तिच्या हाताला दुसऱ्या कुणी हात लावावा हे तिला नको होतं.

अमावास्येच्या आदल्या दुपारी मामा आमच्या दारात येऊन उभे राहिले. तोंडावर रुमाल. मला म्हणाले, "वहिनींचं मत ऱ्हायलंय. त्यांना इचार, येतील का."

मला राग आला. मी स्पष्ट बोलणारी आहे. म्हणाले, "मामा, उद्या त्या बाईच्या नवऱ्याचा पुतळा जाळायचाय, आणि तुम्हाला कॅसेटचं पडलंय."

"म्हणून तर आज," मामा म्हणाले.

मी सांगणार नव्हते. पण काकी आमच्या भिंतीपलीकडेच होती, आणि चाळीच्या भिंती कशा असतात ते सांगायला नको. ती पदर खोचून बाहेर आली. म्हणाली, "चल गो माझ्यावांगडा."

मला बरोबर घेऊन ती खाली दुकानात गेली आणि स्टुलावर बसली. मामांनी टेप लावली आणि समोर बसले. आता रुमाल धरून बसता येत नव्हतं, कारण एक हात टेपच्या बटणावर आणि दुसरा ठोक्यासाठी पेटीवर. पहिली बाजू त्यांनी लावलीच नाही. मी दाराशी बाजूला उभी होते, मला दोघांचे चेहरे एका वेळी दिसत होते. बाहेर चक्की चालू होती, कुणाचे तरी गहू पडत होते.

घण सुरू झाले. काकीनं डोळेसुद्धा मिचकावले नाहीत. मग ती जागा आली. घण थांबले, ठोका उरला.

मी काकीच्या ओठांकडे बघत होते. ते शिवल्यासारखे बंद होते. मग मी काकीची नजर कुठं आहे ते बघितलं, आणि तिकडे वळले.

मामांचे ओठ हलत होते.

इतके दिवस सगळे त्यांच्यासमोर बसले, कान झाकून, घाम पुसत. मामा सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते. मामांच्या तोंडाकडे कुणी नीट बघितलं नव्हतं. सुलूकाकी बघत होती. साचेवाल्याची बायको होती ती, तिचा संसारच ओठ वाचण्यात गेला होता. मलाही वडिलांमुळे थोडं येतं. मला सगळं लागलं नाही. 'तिका सांग' एवढं मात्र स्पष्ट लागलं. मामा सातारकडचे. 'तिका' हा मालवणी शब्द जन्मात त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

टेप थांबली. मामांनी नेहमीसारखं विचारलं, "काय ऐकू आलं, वहिनी?"

"मी ऐकत नव्हतंय, भावजी," काकी म्हणाली. "मी बघत होतंय."

मामांना पहिल्यांदा कळलं नाही. मग त्यांनी हात उचलून स्वतःच्या ओठांना लावला, झोपलेल्या माणसाच्या तोंडाला जपून हात लावावा तसा.

"परत लावा," काकी म्हणाली.

त्यांनी परत लावली. का लावली, नाही म्हणता आलं असतं, हे मी पुष्कळ वेळा मनात घोळवलंय. मला वाटतं त्यांनाही बघायचं होतं की ते थांबवता येतं का. दोन्ही हातांनी त्यांनी स्टुलाची कड धरली होती. ठोका आला आणि ओठ हलू लागले. काकी पुढे झुकून वाचत होती, पोथी वाचावी तशी, एकेक अक्षर. संपल्यावर तिनं विचारलं, "कधी?"

मामांचा आवाज एरवी मोठा. त्या दिवशी मला दोन पावलं पुढे यावं लागलं.

"त्याच सकाळी. नाक्यावर. मी हिकडच्या बाजूला, तो पलीकडच्या. सुताच्या टेम्पोत चढला. मागं उभा ऱ्हायला आन् माझ्याकडं बघून बोलला. मधी गाड्या, बशी. बाकी कुणाचं ध्यान न्हवतं. मला सगळं कळलं. मी मान हलवली, वहिनी. कळलं म्हणून. त्यानं बघितली माझी मान. मग टेम्पो गेला."

"मग माका सांगूक नाय ता?"

"संध्याकाळी सांगनार हुतो. आलो, तर तुमी त्याचं ताट वाढून बसलेल्या. म्हनलं, उद्या सांगू." ते थांबले. "त्यात माझं नाव हाय ना. पयलं वाक्य माझंच हाय. ते वगळून सांगाय येईना, आन् धरून बी सांगाय येईना."

मला वाटलं काकी आता आकांत करेल. ती उठली, पातळ सारखं केलं आणि म्हणाली, "रात्रीक खानावळीची माणसां येतली. भात घालूचो आसा." दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली. हात जड होता. मग जिना चढून गेली. मामा पेटीवर हनुवटी टेकून बसून राहिले. टेप बंद होती आणि ओठ अजून हलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटजी आले. दर्भ, जवाचं पीठ, काळे तीळ सगळं बाणगंगेवर न्यायला गॅलरीत मांडलं. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहिली. अशा वेळी चाळीत कुणी घरात बसत नाही. बाबल धोतर नेसून तयार होता. काकी आली ती हिरव्या पातळात. बाबल म्हणाला, "वैनी, ह्या नेसूचा नाय आज."

"आज काय नाय," काकी म्हणाली. "तो मेलो नाय. सोडून गेलो."

"कोण सांगता?"

"तोच सांगून गेलोहा."

बाबलनं भटजींकडे बघितलं, भटजींनी आमच्या वडिलांकडे. बाई भ्रमली असंच सगळ्यांच्या मनात आलं असणार. काकीनं गॅलरीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि समोरच्या गॅलरीकडे बघून हाक मारली, "भावजी."

मामांना हाक ऐकू आली असेल असं नाही. ते आधीपासूनच कठड्याशी उभे होते. रुमाल नव्हता. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. घसा खाकरला. पुन्हा उघडलं. आवाज फुटेना. अख्ख्या चाळीनं त्यांच्याकडे बघितलं, आणि मध्ये अंगणात एकही पोर खेळत नव्हतं.

मग त्यांनी बोलायचं सोडून दिलं आणि नुसते ओठ हलवले. कॅसेट नव्हती, ठोका नव्हता. पण माझे वडील माझ्या शेजारी पुटपुटले, "हे ह्याचं बोलणं नाही." आणि वडिलांनी कठडा धरला.

काकी वाचत गेली आणि मोठ्यानं बोलत गेली. आवाज तिचा नव्हता असं मी म्हणणार नाही, मी शिकलेली आहे. एवढंच म्हणते की ती बाई रोज ज्या आवाजात जेवायला हाका मारायची तो हा नव्हता. खालचा, सपाट, घाईतला होता, मागून गाडी सुटत असल्यासारखा.

"तुझ्या नादान मी संपात रवलंय," ती म्हणाली, आणि समोरच्या गॅलरीत मामांच्या आजूबाजूची माणसं हळूच बाजूला झाली. "आता चल्लंय. परत येवचंय नाय. तिका सांग, वाट बघू नको."

मामांचे ओठ थांबले. बाबलच्या हातातली दर्भाची जुडी खाली पडली, ती उचलायला कुणी वाकलं नाही.

काकीनं वळून आमच्याकडे बघितलं. मग रोजच्या आवाजात म्हणाली, "भटजीनू, चाय टाकलंय. पिऊन जावा."